लिनक्स सुरू करताना 'फर्मवेअर बग' दिसतंय? लॅपटॉप भंगारात काढण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे चांगले चालणारे अनेक जुने लॅपटॉप मागे पडले. रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरायला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप लगेच बदलणं परवडत नाही. फुकटातला पर्याय म्हणजे लिनक्स. पण पेनड्राइव्ह लावून मिंट किंवा उबुंटू सुरू केलं की काही मशीनवर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत अक्षरं उमटतात, 'फर्मवेअर बग'.

घाबरण्यासारखं असतं का? बहुतेक वेळा नाही.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम. सवयीने आपण त्याला बायॉस म्हणतो. बॅटरी, पंखा, ब्राइटनेस यांची माहिती तो ऑपरेटिंग सिस्टिमला देतो. ही माहिती ज्या पद्धतीने दिली जाते तिला एसीपीआय म्हणतात. अनेक कंपन्या ती फक्त विंडोजवर तपासून बघतात. तिथे खपून गेलेली चूक लिनक्स सरळ स्क्रीनवर लिहून टाकतं. गंमत म्हणजे काही फर्मवेअर 'तू विंडोज आहेस का?' असं विचारतात आणि लिनक्स चक्क 'हो' म्हणतं. कारण 'नाही' म्हटलं, तर फर्मवेअरचा कोणी न तपासलेला भाग चालू व्हायची भीती.

खरी अडचण स्क्रीन काळी राहिली, ब्राइटनेस बदलला नाही किंवा झाकण उघडल्यावर लॅपटॉप जागाच झाला नाही, तर असते. काळ्या स्क्रीनवरचा पहिला उपाय असा: सुरुवातीच्या मेनूत 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून इंग्रजी अक्षरांत 'नोमोडसेट' टाइप करा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो, त्यामुळे करून बघायला हरकत नाही. एसीपीआय पूर्ण बंद करण्याचा सल्लाही व्हिडिओंमध्ये मिळतो. तो शक्यतो टाळा. बॅटरी किती उरली ते दिसेनासं होतं आणि तापमानावरचं नियंत्रणही बिघडू शकतं. लातूरच्या उन्हाळ्यात ते नकोच.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच वायफाय, आवाज आणि झाकण बंद करून उघडणं तपासून घ्या.

बायॉस अपडेट मात्र सगळ्यात शेवटी. मॉडेल नंबर तंतोतंत जुळवा, फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या. अपडेट चालू असताना लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असली, तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. मग चिप वेगळ्या यंत्रावर पुन्हा लिहून घ्यावी लागते आणि हे काम प्रत्येक दुकानात होत नाही.

कधीकधी चूक लिनक्सचीही असते. डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू १७.१० मुळे लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर बायॉसच्या सेटिंग सेव्ह होईनात, काहींवर यूएसबीवरून बूटही होईना. दोष इंटेल-एसपीआय नावाच्या ड्रायव्हरचा होता. उबुंटूने डाउनलोड मागे घेतलं आणि जानेवारी २०१८ मध्ये हा ड्रायव्हर बंद केलेली १७.१०.१ आवृत्ती दिली.