नाक्यावरची बंदूक

गोव्यात सुर्ला नावाची दोन गावे आहेत. तांबडी सुर्ल धरले तर तीन. एक डिचोली तालुक्यात, पाळी-वेळग्याच्या खाणपट्ट्यातले. दुसरे सत्तरीत, चोर्ला घाटात, कर्नाटकाच्या हद्दीला खेटून. डिचोलीच्या बाजूचे लोहखनिज वर्षानुवर्षे ट्रकांतून मांडवीच्या धक्क्यांवर आणि तिथून बार्जने मुरगावला गेले. 2012 साली शहा आयोगाने गोव्यातल्या बेकायदा खाणकामाने झालेले नुकसान सुमारे 35,000 कोटी रुपये धरले. आकड्यावर वाद झाला, पण तो निम्मा मानला तरी छाती दडपते. एवढे होऊनही खाण खात्याच्या निरीक्षकांना पिस्तुले द्यावीत, अशी मागणी काही उठली नाही. घाटातल्या सुर्ल्याकडून त्या मानाने जाते ते काय? दारूच्या बाटल्या, थोडे लाकूड, कधी शिकारीचे मांस. बंदुकीचा विषय निघतो तो मात्र घाटात आणि रानात. पोलीस किंवा लष्कर नसलेली सरकारी खाती, म्हणजे कस्टम, अबकारी, वन, रेल्वे, आपल्या माणसांसाठी शस्त्रे का घेतात, या प्रश्नाचे उत्तर या दोन गावांमधल्या फरकात आहे असे मला वाटते.

नेहमीचे उत्तर असे की या माणसांच्या जिवाला धोका असतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले. वाळूचे ट्रक अडवणारे तलाठी आणि तहसीलदार आजही मार खातात, क्वचित जीव गमावतात. धोका हाच निकष असता तर महसूल खाते केव्हाच सशस्त्र झाले असते. ते झालेले नाही. उलट ज्या खात्यांना बंदूक मिळाली त्यांचा इतिहास पाहिला तर तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात: एका रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे मालाच्या किमतीत मोठी तफावत, त्या मालाची कुठेही नोंद नसणे, आणि मदत येईपर्यंत माल पसार होण्याइतके अंतर. यांतली एखादी गोष्ट निखळली की बंदुकीची गरज ढिली पडते. पेडणे आणि डिचोलीच्या सीमेचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास याची साक्ष देतो.

नव्या काबिजादीपूर्वी, म्हणजे हे तालुके पोर्तुगीजांकडे येण्यापूर्वी, गोव्याची सीमा म्हणजे नद्या होत्या. तिसवाडी आणि दिवाडीभोवतीच्या उतारांवर, नार्वे, दावजी, बाणस्तारी, आगशी इथे, पोर्तुगीजांच्या चौक्या होत्या. तिथे माणसांची झडती होई, जकात वसूल होई आणि शिपाईही असत. महसूल कुठे संपतो आणि संरक्षण कुठे सुरू होते हे त्या चौकीत उभे राहून सांगता आले नसते. 1780 च्या दशकात डिचोली, सत्तरी आणि शेवटी 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे आले आणि रेषा पाण्यावरून डोंगरावर सरकली. नदीला उतार मोजके असतात. सह्याद्रीला मात्र ज्ञात घाटांखेरीज गुराख्यांच्या आणि लमाणांच्या कितीतरी पायवाटा असतात. इतक्या वाटांवर कारकून बसवता येत नाही, म्हणून फिरता पहारेकरी आला, आणि रात्री एकटा फिरणारा पहारेकरी म्हटला की हत्यार आलेच.

ही व्यवस्था अटळ नव्हती, हे दाखवणारी घटना मात्र फारशी सांगितली जात नाही. मिठावरच्या करासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानच्या मधोमध जकातीची एक प्रचंड रेषा उभारली होती. 1869 च्या सुमारास ती 2,300 मैल लांब होती आणि तिच्यावर जवळजवळ 12,000 माणसे पहारा देत होती. 1879 मध्ये ती मोडण्यात आली. लोक शहाणे झाले किंवा चोर सुधारले म्हणून ती मोडली नाही. निरनिराळ्या प्रांतांतले मिठाचे कर बरेचसे सारखे केले गेले आणि कर मीठ जिथे पिकते तिथेच घेता येऊ लागला, म्हणून रेषेची गरज उरली नाही. नेमके हेच गोव्यात झाले. 26 डिसेंबर 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने, जो 15 जानेवारी 1880 पासून अमलात आला, ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधली जकात उठली. त्या बदल्यात गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांच्या मीठ खात्याचे नियंत्रण आले आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. किमतीची तफावत गेली, तशी डोंगरातली पहाऱ्याची रेषाही गेली.

याची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. पेडण्यातल्या अगरवाड्यासारख्या गावांत मीठ हे पिढ्यान्पिढ्यांचे पीक. डोंगरावरचा पहारा उठला, पण मिठागरांवरचा जाच वाढला. किती पिकवायचे, कुठे साठवायचे, कोणाला विकायचे, सगळ्याला परवाना. म्हणजे बंदूक हटवण्याचा खर्च आगरातल्या माणसावर पडला, आणि गोव्यात या कराराविरुद्ध जो रोष होता तो अनाठायी नव्हता. 1892 मध्ये करार संपला, पुन्हा जकात आली आणि जकातीबरोबर पहारेकरीही आले. बारा वर्षांच्या या मधल्या काळात सह्याद्री तोच होता, वाटाही त्याच होत्या. बदलली होती ती फक्त दरांची तफावत. तेरेखोलच्या पलीकडे, गोव्याच्या हाकेच्या अंतरावर, शिरोड्याला मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तोही मिठावरच्या त्याच करापायी.

1947 नंतर तफावत पुन्हा वाढली, आणि ती आधी कधी नव्हती इतकी. भारताने सोन्यावर आणि परदेशी मालावर कडक निर्बंध घातले. गोव्यात मात्र घड्याळे, व्हिस्की, सोने मोकळेपणाने येत होते. भारताने गोव्याच्या सीमेवर आपले कस्टम बसवले, पलीकडे पोर्तुगीजांचे जकात पहारेकरी होते. 1955 पर्यंत नाकेबंदी पूर्ण झाली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला पेडण्यातल्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला; कर्नेलसिंग तिथे पडले, तेरेखोलला हिरवे गुरुजी पडले. तो गोळीबार राजकीय होता, जकातीचा नव्हता. पण जी वाट बारा महिने झडतीसाठी रोखलेली असते, तिथल्या माणसाला समोरून येणारा प्रत्येक जण संशयित दिसू लागतो. त्या सवयीचा त्या दिवसाशी काहीच संबंध नव्हता असे मला म्हणवत नाही. शिवाय सीमेवरच्या लहान चौक्यांतली शस्त्रे ही पोर्तुगीजांविरुद्ध सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलासाठी आयती शस्त्रागारेच होती. चार माणसांच्या ठाण्यात ठेवलेली बंदूक ठाण्याचे रक्षण करते की हल्ल्याला निमंत्रण देते, याचा निवाडा पोर्तुगीजांना शेवटपर्यंत करता आला नाही.

19 डिसेंबर 1961 नंतर ही रेषा आंतरराष्ट्रीय राहिली नाही आणि सोन्याच्या व घड्याळांच्या चोरवाटा ओस पडल्या. उरली ती दारू, कारण गोवा आणि महाराष्ट्र यांच्या दारूवरच्या करांत फरक राहिला. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर राहिली. म्हणून पत्रादेवी ओलांडून बांद्याच्या पुढे गेले की इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आजही लागतो. साबण, सिमेंट, कापडाचा ट्रक बिनघोर जातो. बाटल्यांचा ट्रक मात्र पोत्यांखाली लपून जातो, आणि त्याला अडवायला उभा राहिलेला जवान गाडीखाली येण्याच्या भीतीत असतो. त्याची भीती खरी आहे. ती निर्माण करणारी गोष्ट मात्र त्या चालकाची क्रूरता नसून एका बाटलीमागचा कराचा फरक आहे.

इथे आक्षेप येईल: फरक मिटवणे हे अर्थमंत्र्याचे काम, तोवर नाक्यावरच्या माणसाने काय करायचे? कायदाही त्याच्या बाजूने बोलतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 प्रमाणे कर्तव्यावरच्या लोकसेवकाला परवाना लागत नाही. सीमाशुल्क अधिनियम 1962 चे कलम 106 तर न थांबणाऱ्या वाहनावर किंवा जनावरावर गोळी झाडण्याची मुभा देते. (ते ‘जनावर’ वाचून लमाणांचे तांडे आठवतात, कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अजून घाटातले बैल होते.) या आक्षेपाची सर्वांत भक्कम बाजू म्हणजे कोस्ताव फर्नांडिस यांचे प्रकरण. मे 1991 मध्ये दक्षिण गोव्यात सोन्याची तस्करी रोखताना या कस्टम अधिकाऱ्याची एकट्याने झटापट झाली, त्यात समोरचा माणूस मेला आणि अधिकाऱ्यावरच खुनाचा खटला भरला गेला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यांच्याजवळ पिस्तूल असते तर? कदाचित झटापट टळली असती. कदाचित खटला अधिक अवघड झाला असता. पण तेव्हा उणीव होती ती सोबत्यांची आणि वेळेवर पोचणाऱ्या कुमकेची, आणि पिस्तूल हा कुमकेला पर्याय नव्हे.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, 1992 पासून सोन्याची आयात बरीच मोकळी झाली आणि किनाऱ्यावर रात्री सोने उतरवण्याचा धंदा बसला. 2013 नंतर आयात शुल्क चढले तशी तस्करी परतली, पण ती विमानतळांवर. जानेवारी 2023 मध्ये पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तिथेही चोरटे सोने आणि महागडे फोन पकडले गेले. माल तोच, तफावतीची ओढही तीच. पकडणाऱ्या कस्टम अधिकाऱ्याला मात्र पिस्तूल रोखावे लागत नाही. प्रवाशाचे नाव, पासपोर्ट, तिकीट आधीच नोंदलेले असते, सामान यंत्रातून जाते आणि बाहेर पडायचे दार एकच. कोणी म्हणेल, बंदूक तिथेही आहे, सीआयएसएफच्या हातात. बरोबर. पण ती एका दलाकडे आहे, ज्याचे शिक्षण, सराव आणि जबाबदारी ठरलेली आहे. झडती घेणाऱ्या प्रत्येक खात्याने आपापली शस्त्रांची कोठी उघडलेली नाही.

कोठी उघडली की तिचा खर्च थांबत नाही, याचे अमेरिकेतले उदाहरण बोलके आहे. 2012 मध्ये तिथल्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने 1,74,000 काडतुसांची मागणी नोंदवली तेव्हा सरकार जनतेशी युद्ध करणार अशा अफवा उठल्या. प्रत्यक्षात या निवृत्तिवेतन देणाऱ्या खात्याचे सुमारे 295 तपास अधिकारी सशस्त्र होते, आणि माणशी सहाशेच्या आत काडतुसे सक्तीच्या सरावातच संपतात. त्या अफवा मूर्खपणाच्या होत्या, पण हिशेब शिकण्यासारखा आहे. बंदूक एकदा दिली की दरवर्षी गोळ्या, मैदान, शिक्षक, तपासणी हे सारे द्यावे लागते. नाही दिले तर हातात उरते ते सराव नसलेले हत्यार, आणि ते समोरच्याइतकेच धारकालाही घातक असते.

आता डिचोलीच्या सुर्ल्याकडे. खनिज पळवायला रात्र लागली नाही. ट्रक दिवसाढवळ्या, रांगेने गेले. पासही होते, वजनही झाले, स्वामित्वधनही भरले गेले. लूट झाली असेल ती पट्ट्याच्या हद्दीत, परवानगीपेक्षा जास्त उपशात, मुदत संपलेल्या लीजमध्ये. तिथे रायफल कोणावर रोखणार? म्हणून उपायही कागदाचेच निघाले: 2012 ची बंदी आणि 2013 चे वाहतुकीचे नियम. कागद खोटा असेल तर तो तपासणारा कारकून हवा, आणि त्या कारकुनाला वरून फोन येऊ नये. मनमाडचेही तसेच. रॉकेल आणि डिझेल यांच्या दरांतली दरी हेच भेसळीचे मूळ होते. रॉकेलवरचे अनुदान पुढे टप्प्याटप्प्याने संपले.

घाटातल्या सुर्ल्याची गोष्ट मात्र या युक्तिवादात पूर्ण बसत नाही. 1999 साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्याच्या रानात वाघ आहे. त्याची किंमत कोणत्याही कराने कमी होत नाही, त्याला पास नसतो, आणि वन्यजीव कायद्याच्या कलम 50 ने वनरक्षकाला झडतीचा अधिकार दिला तरी जवळचे ठाणे तासाभरावर असते. 2009 मध्ये सत्तरीतल्या केरीत वाघाची शिकार झाली. अशा रात्री गस्तीवरच्या वनरक्षकाने काठी घेऊन जावे असे सांगणारा माणूस बहुधा स्वतः रानात जाणारा नसतो. तिथे बंदुकीचा हक्क मला मान्य आहे. पण जानेवारी 2020 मध्ये गोळावलीत चार वाघ मेले ते विषाने, आणि तपासात पुढे आले ते गुरे मारल्याचा राग. तिथे वेळेवर मिळालेली भरपाई बंदुकीआधी पोचायला हवी होती. महाराष्ट्राने 2012 मध्ये चोरट्या शिकाऱ्यांवर गोळी झाडणाऱ्या वनकर्मचाऱ्यांवर गुन्हा नोंदणार नाही असे जाहीर केले. पण नुसती घोषणा पुरत नाही: सराव हवा, जोडीने गस्त हवी, झाडलेल्या गोळीची चौकशीही हवी. सत्तरीच्या वनरक्षकाला बंदूक द्यायची झाली, तर या तीन गोष्टी तिच्याआधी मंजूर व्हाव्यात, आणि चौकशी वन खात्याबाहेरच्या दंडाधिकाऱ्याने करावी.