चंद्रावर उतरताना
आपण नील आर्मस्ट्राँगला लक्षात ठेवतो ते पहिल्या पावलासाठी. पण मंडळी, खरी कसोटी त्याच्या आधीच, यान उतरवताना लागली होती. २० जुलै १९६९. संगणक पुन्हा पुन्हा १२०२ चा इशारा देतोय, समोर दगडांनी भरलेलं विवर, इंधन संपत आलेलं. आर्मस्ट्राँगने 'ईगल'चा ताबा स्वतःकडे घेतला आणि पुढे सपाट जागा गाठली.

हा शांतपणा एका दिवसात येत नाही. १९६६ मध्ये 'जेमिनी ८' सेकंदाला जवळजवळ एक गिरकी घेऊ लागलं, तेव्हा त्यानेच ते सावरलं. १९६८ मध्ये सरावाचं यान कोसळलं; हा पॅराशूटने वाचला, आणि त्याच दिवशी ऑफिसात येऊन कामाला बसला!

उतरताना शेजारी ऑल्ड्रिन उंचीचे, वेगाचे आकडे सतत वाचून दाखवत होता. त्याला मात्र आपण नुसतं 'दुसरा' म्हणून मोकळे होतो.