पर्ड्यू दिला, रॉडमन घेतला



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. २०२० च्या टाळेबंदीत नातवाने मला 'द लास्ट डान्स' ही मालिका दाखवली. बास्केटबॉलमधले मला ओ की ठो कळत नव्हते, पण त्यातल्या एका व्यवहारापाशी मी, जुनी इतिहासाची मास्तरीण, अडकले ती अडकलेच.

मे १९९५. शिकागो बुल्स ओरलँडोकडून ४-२ असे हरले. मायकेल जॉर्डन निवृत्ती सोडून मार्चमध्येच परतला होता, तरीही! हुकलेला चेंडू उडी मारून पटकावणे, ज्याला रिबाउंड म्हणतात, ते काम करणारा हॉरेस ग्रँट १९९४ मध्ये संघ सोडून गेला होता. आणि गेला कुठे, तर ओरलँडोलाच!

या कामात सलग चार हंगाम पहिला होता डेनिस रॉडमन. पण त्याचा संघ, सॅन अँटोनियो, त्याला विटला होता. सरावाला उशीर, रंगवलेले केस, ऐन बाद फेरीत निलंबन... वय ३४. त्याआधी १९९३ मध्ये तो डेट्रॉईटला असताना गाडीत भरलेल्या बंदुकीसह झोपलेला पोलिसांना सापडला होता. वडिलांच्या जागी मानलेले प्रशिक्षक चक डेली आदल्या वर्षी संघ सोडून गेले होते. हे वाचल्यावर मला ते रंगीत केस वेगळेच दिसू लागले.

बुल्सचे व्यवस्थापक जेरी क्राउस यांना बदल्यात द्यायचा होता विल पर्ड्यू, सात फुटी खेळाडू. म्हणजे किंमत थोडी, पण जमलेले घर विस्कटण्याची भीती मोठी. शिवाय १९९१ मध्ये याच रॉडमनने बुल्सच्या स्कॉटी पिपेनला ढकलून दिले होते, हनुवटीला टाके पडले होते. म्हणून आधी जॉर्डनला आणि पिपेनला विचारले गेले. ते हो म्हणाले. ऑक्टोबर १९९५ मध्ये व्यवहार झाला.

त्या हंगामात बुल्स ७२ सामने जिंकले, फक्त १० हरले. १९९६, ९७, ९८ अशी तीन अजिंक्यपदे! रॉडमन सुधारला म्हणाल, तर नाही. १९९६ मध्ये पंचाला डोके मारून ६ सामने बाहेर, १९९७ मध्ये छायाचित्रकाराला लाथ मारून ११. पण प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी त्याच्याकडून नेमके त्याला येणारेच काम मागितले, बाकीकडे बरेचसे दुर्लक्ष केले.

आता खरे सांगते. आमच्या शाळेत एकदा दुसरीकडून काढून टाकलेला एक मुलगा प्रवेशासाठी आला होता. गणितात विलक्षण, हाताने मारकुटा. शिक्षकांच्या बैठकीत मीच म्हणाले, "वर्ग बिघडेल." वीस मिनिटांत विषय संपला. माझे म्हणणे अगदीच चूक होते असे आजही वाटत नाही. आमच्या वर्गात कुणी जॉर्डन नव्हता, त्याला आवरायला. पण क्राउस यांनी निदान ज्याला टाके पडले त्याला विचारले. आम्ही कुणालाच विचारले नाही, त्या मुलालाही नाही. तो बाहेर बाकावर बसून होता.

पुढे त्याचे काय झाले, मला कळले नाही.

असो. तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी अशा वेळी काय केले, जरूर कळवा.