प्रधानाची सत्ता आणि कारभाऱ्यांचा अंकुश

राज्य एकाच्या नावाने चालावे आणि कारभार दुसऱ्याने पाहावा, हा प्रकार इतिहासास नवा नाही. अशा वेळी प्रधानाची व त्याच्या सल्लागारांची सत्ता कोठवर जाते, याचे उत्तर आपल्या मराठेशाहीतच सापडते.

१६७४ साली राज्याभिषेक झाला, तेव्हा शिवछत्रपतींचे मुख्य प्रधान मोरोपंत पिंगळे होते. परंतु ते पद वंशपरंपरेचे नव्हते आणि प्रधानांचे वेतन रोख दिले जाई. जो नेमतो तो दूरही करू शकतो, हे त्या व्यवस्थेचे मर्म होय. १७१३ साली शाहू महाराजांनी बहिरोपंत पिंगळ्यांस दूर करून बाळाजी विश्वनाथांस पेशवेपद दिले, तेव्हा हे मर्म जिवंत होते. पुढे १७२० साली पुत्र बाजीराव व १७४० साली नातू नानासाहेब पेशवे झाले. दोघेही कर्तबगार खरे, पण पद घराण्यात रुजले. १७४९ साली शाहू महाराज निवर्तले आणि सत्ता साताऱ्याहून पुण्यास गेली. छत्रपतींकडे पेशवाईची वस्त्रे देण्याचा मान तेवढा उरला.

प्रधानाने धन्याचे जे केले, तेच पुढे कारभाऱ्यांनी प्रधानाचे केले. १७७३ साली नारायणरावांचा वध झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांस दोषी ठरवून त्यांची चाकरी सोडली. सखारामबापू बोकील, नाना फडणीस आदी बारभाईंनी राज्य सावरले आणि १७७४ साली तान्ह्या सवाई माधवरावांस साताऱ्याहून वस्त्रे आणविली. पण बारांचा विचार फार काळ टिकला नाही. बापू कैदेत पडून १७८१ साली वारले आणि सत्ता एकट्या नानांच्या हाती आली. नानांच्या बुद्धीने राज्य तगले, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि, त्यांना अडविणारा कोणी उरला नाही व त्यांच्यामागून भार पेलणारा कोणी तयार झाला नाही. १७९५ साली सवाई माधवराव गेले, १८०० साली नाना गेले, आणि १८०२ साली दुसऱ्या बाजीरावांनी वसईस इंग्रजांशी तह केला. १८१८ साली पेशवाई बुडाली.

आपल्या राज्यघटनेने मंत्रिमंडळास लोकसभेपुढे सामुदायिकरीत्या जबाबदार धरले आहे, त्याचे महत्त्व येथे कळते. प्रधान कितीही थोर असो, त्यास दूर करू शकणारी सत्ता जागी हवी आणि त्याच्या दरबारी एखादा रामशास्त्री हवा. केवळ होकार देणारे सल्लागार राज्याच्या कामी येत नाहीत.