राष्ट्रसभेचा अध्यक्ष : फैजपूर आणि त्रिपुरी



राष्ट्रसभेच्या अध्यक्षांचीं नांवें आमचे विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु तें नांव पुढें कसें आलें, माघार कोणीं घेतली आणि कां, असें विचारलें कीं वर्ग स्तब्ध होतो. वास्तविक हा धडा आम्हां खानदेशवासीयांच्या अंगणांतच घडलेला आहे.

डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें राष्ट्रसभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. नंदलाल बोस यांनीं साध्या गांवठी साहित्यानें टिळकनगर सजविलें. खेड्यांतील तरुणांना राष्ट्रसभेचा अध्यक्ष प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. मात्र निवडीची खरी घडामोड त्यापूर्वींच झाली होती. पंडित नेहरूंबरोबर सरदार पटेलांचेंही नांव सुचविलें गेलें होतें. सरदारांनीं माघार घेतली. पण माघार म्हणजे जवाहरलालजींच्या सर्व मतांना संमती नव्हे, हेंही त्यांनीं जाहीरपणें सांगितलें. चुरस टळली, मतभेद मात्र राहिला.

१९३९ सालीं चुरस टळली नाहीं. मौलाना आझादांनीं नांव मागें घेतल्यावर सुभाषबाबू आणि पट्टाभि सीतारामय्या हे समोरासमोर उभे राहिले. सुभाषबाबूंना १५८० आणि पट्टाभींना १३७७ मतें पडलीं. हा पराभव आपलाच आहे, असें गांधीजींनीं म्हटलें. पुढें मार्चमध्यें त्रिपुरीच्या ठरावानें कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमण्याचें बंधन अध्यक्षांवर घातलें. तडजोड जुळली नाहीं आणि एप्रिलमध्यें सुभाषबाबूंनीं राजीनामा दिला. २०३ मतांचें आधिक्य असूनही त्यांना कार्यकारिणी बनवितां आली नाहीं.

हें नुसतें वाचून कळत नाहीं. म्हणून शिक्षकांनीं हा प्रसंग वर्गांत घडवून आणावा. मुलांना प्रांतोप्रांतींचे प्रतिनिधी करावें. नांवें सुचवूं द्यावींत, माघारीचीं पत्रकें लिहूं द्यावींत, चिठ्ठ्या टाकून मतें मोजूं द्यावींत. त्यानंतर विजयी मुलास सांगावें, "आतां तुझी कार्यकारिणी बनव, हरलेल्या पक्षांतील निम्मे तरी त्यांत हवेत." खरी परीक्षा येथें सुरू होते. वर्गनायकाच्या निवडींत मीं हें वर्षानुवर्षें पाहिलें आहे. चिठ्ठ्या मोजावयास पांच मिनिटें पुरतात. पण हरलेला मुलगा जिंकलेल्याशीं पुन्हां बोलूं लागण्यास कधीं कधीं महिना जातो.

मत देणें कोणासही शिकवितां येतें. निकाल पचविणें आणि विजयानंतर विरोधकास सोबत घेणें, हें मात्र स्वतः अनुभवूनच शिकावें लागतें. ज्या मुलांच्या हातीं उद्यां लोकशाहीचा कारभार जाणार, त्यांनीं हा अनुभव शाळेंतच घेतलेला बरा.