दंतमूलशोषण आणि दंतनियमन : एका अदृश्य हानीचा इतिहास

दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचे मूळ बहुधा नाहीसे झालेले असते. खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट मिळावी म्हणून शरीरातील पेशीच ते हळूहळू विरघळवून टाकतात. ही निसर्गाची योजना होय. परंतु हीच क्रिया कायमच्या दाताच्या मुळाशी घडू लागली, तर मुळाची गेलेली लांबी पुन्हा भरून येत नाही. या क्रियेस दंतमूलशोषण म्हणतात. वेडेवाकडे दात तारांच्या साहाय्याने ओळीत आणणारी जी दंतनियमनाची शाखा, तिच्याशी या हानीचा संबंध कसा उघडकीस आला, हे पाहणे केवळ दंतवैद्यांनाच उद्बोधक आहे असे नाही. सोलापुरातील सात रस्त्यासारख्या वर्दळीच्या भागात एखाद्या शाळकरी मुलाच्या दातांना तार बसते, तेव्हा या इतिहासातील मूळ प्रश्न तेथेही उभा राहतो : जे दिसत नाही, त्याची जबाबदारी कोणाची?

कायमच्या दातांच्या मूलशोषणाची चर्चा बेट्स याने १८५६ मध्ये केली. त्याचा दंतनियमनाशी संबंध ओटोलेंग्वी याने १९१४ मध्ये जोडला. मधल्या अठ्ठावन्न वर्षांत दंतनियमनाचे शास्त्र स्वस्थ बसले नव्हते. अमेरिकेतील एडवर्ड अँगल याने १८९९ मध्ये दातांच्या विषम ठेवणीचे प्रसिद्ध वर्गीकरण मांडले आणि या शाखेस स्वतंत्र स्थान मिळवून दिले. मात्र उपचाराच्या यशाची कसोटी होती ती हिरडीबाहेर दिसणाऱ्या दाताची. ओळ सरळ झाली, चावा नीट जुळला, की कार्य सिद्धीस गेले. मूळ हाडात दडलेले. आणि त्याची झीज होताना सहसा वेदनाही होत नाही. रुग्णाची तक्रार नाही आणि वैद्यास दर्शन नाही, अशा स्थितीत हानीची नोंद होणार तरी कशी?

ही कोंडी क्ष-किरणांनी फोडली. राँटगेन याने १८९५ मध्ये त्यांचा शोध लावला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील ओटो वाल्कहोफ याने दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. तथापि साधन हाती येणे आणि ते पद्धतशीर वापरणे यांत बरेच अंतर असते. ते अंतर कापले डेन्व्हर येथील आल्बर्ट केचम याने. १९२७ व १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत त्याने उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या व्यक्तींची क्ष-किरण चित्रे तुलनेसाठी मांडली. उपचार न घेतलेल्यांत सुमारे एक टक्का, तर उपचार घेतलेल्यांत सुमारे एक-पंचमांश व्यक्तींत मूलशोषण आढळले. विशेष हे की, हा टीकाकार बाहेरचा नव्हता. केचम हा त्या व्यवसायातील अग्रणी होता आणि १९२९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन दंतनियमन मंडळाचा पहिला अध्यक्ष होता.

कारणांचा शोध मग दोन दिशांनी चालला. पहिली दिशा बलाची. १९३२ मध्ये श्वार्ट्झ याने असे प्रतिपादन केले की, दातावरील दाब दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांतील रक्तदाबाइतकाच असावा. दाब वाढला की दात व हाड यांमधील तंतुमय पटल चेपते, तेथील रक्तप्रवाह खंडित होतो आणि तो भाग निर्जीव बनतो. हा निर्जीव भाग साफ करणाऱ्या पेशी लगतच्या मुळावरील सिमेंटम हा संरक्षक थरही कुरतडतात, हे ब्रुडविक आणि रिग या नॉर्वेतील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात दाखविले. दुसरी दिशा रुग्णाच्या प्रकृतीची. १९३० नंतरच्या दशकात ग्रंथींच्या विकारांकडे बोट दाखविले गेले. २००३ मध्ये आनुवंशिक घटकाचा पुरावा पुढे आला, पण नंतरच्या अभ्यासांत त्यास एकमुखी पुष्टी मिळाली नाही.

या दोन्ही मतांना एकेक सोयीची बाजू आहे. सारा दोष तारेचा मानला, तर उपचारच त्याज्य ठरतो. सारा दोष प्रकृतीचा मानला, तर वैद्य निर्दोष सुटतो. वस्तुस्थिती या दोहोंच्या मधली आहे. अल्प प्रमाणातील शोषण उपचारात पुष्कळदा घडते व ते दाताच्या आयुष्यास बाधक ठरत नाही. मुळाचा तिसरा हिस्सा गमावण्याइतकी हानी सुमारे एक ते पाच टक्के रुग्णांतच होते. वरचे पुढचे दात तिला अधिक बळी पडतात. बल काढून घेतले की शोषण बहुधा थांबते. म्हणूनच उपचार सुरू झाल्यावर सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा चित्र घ्यावे आणि झीज दिसल्यास दोन-तीन महिने विश्रांती द्यावी, हा संकेत रूढ झाला.

महाराष्ट्रात या विद्येचा प्रसार टप्प्याटप्प्याने झाला. मुंबईचे नायर दंत महाविद्यालय १९३३ चे. दंतवैद्यक व्यवसायाचे नियमन करणारा केंद्रीय कायदा १९४८ चा. भारतीय दंतनियमन संस्था १९६५ ची. शासकीय दंत महाविद्यालय नागपुरास १९६८ मध्ये आणि तेव्हाच्या औरंगाबादेत १९८२ मध्ये निघाले. सोलापुरास वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्येच मिळाले होते. पुढे केगाव येथे दंत महाविद्यालयही झाले. तारेचा उपचार दीड-दोन वर्षे चालतो आणि साधारणतः दरमहा तपासणी लागते. त्यामुळे तो घराजवळ उपलब्ध होणे ही मोठीच सोय होय.

परंतु उपचार जवळ आला म्हणून देखरेख आपोआप जवळ येते असे नाही. गावी गेलेला, परीक्षेत गुंतलेला वा खर्चाने थबकलेला रुग्ण तपासणीस आला नाही, तरी तार आपले काम करीतच राहते. वेदना नसल्यामुळे त्याला परतण्याची निकडही भासत नाही. अशा वेळी उपचारापूर्वीचे चित्र, मधले चित्र आणि आरंभीच पालकांना दिलेली स्पष्ट कल्पना, एवढीच साधने हाती उरतात. ती महागडी नाहीत. केचमने दाखवून दिलेला धडा यंत्राचा नसून वृत्तीचा आहे : ओळ सरळ झाल्याचे समाधान मानण्यापूर्वी, जे दिसत नाही तेही पाहिले पाहिजे.