थिओडोर रूझवेल्ट बेट : वॉशिंग्टनच्या वेशीवरचे लावलेले अरण्य

वॉशिंग्टन शहर आणि व्हर्जिनिया राज्य यांच्यामधून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीत, जॉर्जटाऊनसमोर, सुमारे ८८ एकरांचे एक वनाच्छादित बेट आहे. रॉसलिनच्या उंच कार्यालयांतून ते रोज नजरेस पडते. तरीही नोकरीनिमित्त या परिसरात स्थायिक झालेल्या अनेकांनी त्यावर कधी पाऊल ठेवलेले नसते. प्रथमदर्शनी हे अनादिकाळापासूनचे रान वाटते. प्रत्यक्षात त्याची आजची घडण विसाव्या शतकातील असून ती एका विचारपूर्वक आखलेल्या योजनेतून झाली आहे.

या परिसरात मूळची वस्ती नॅकॉचटँक या आदिवासी समूहाची होती. अठराव्या शतकात बेट मेसन कुटुंबाकडे आले. सर्व माणसे स्वभावतःच स्वतंत्र आहेत, असे प्रतिपादन करणाऱ्या व्हर्जिनियाच्या १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्याचे प्रमुख लेखक जॉर्ज मेसन. त्यांचे पुत्र जॉन यांनी या बेटावर प्रशस्त घर, बागा आणि शेती उभी केली. तिथे राबणारे हात मात्र गुलामांचे होते. १८३० च्या दशकात मेसन कुटुंबाने बेट सोडले.

यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, कृष्णवर्णीय सैनिकांच्या पहिल्या संघीय पायदळ पलटणीची छावणी येथे पडली. पुढे ही पलटण पीटर्सबर्गच्या वेढ्यात लढली. पलटण गेल्यानंतर गुलामीतून निसटून आलेल्या कुटुंबांना याच बेटावर आश्रय मिळाला. त्या छावण्यांची कोणतीही वास्तू आज उभी नाही. मेसन यांचे घरही जमीनदोस्त झाले आहे.

१९३१ मध्ये रूझवेल्ट स्मारक संस्थेने हे बेट विकत घेतले आणि अमेरिकेचे २६ वे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या स्मृत्यर्थ ते राष्ट्राला अर्पण केले. आपल्या कारकिर्दीत सुमारे २३ कोटी एकर सार्वजनिक भूमीला संरक्षण देणाऱ्या नेत्याला वनाहून उचित स्मारक कोणते, हा त्यामागील विचार होता. भूदृश्यरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांनी पूर्वीच्या वनाशी साधर्म्य राखणारा आराखडा केला. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतील तरुणांनी माजलेली झाडोरी काढून हजारो स्थानिक झाडे लावली. पॉल मॅनशिप यांनी घडवलेला रूझवेल्ट यांचा १७ फुटी ब्राँझचा पुतळा आणि त्याभोवतीचे ग्रॅनाइटचे शिलास्तंभ यांचे लोकार्पण १९६७ मध्ये झाले. त्याआधीच, १९६४ मध्ये, बेटाच्या दक्षिण टोकावरून महामार्गाचा पूल गेला होता. त्यावरील वाहनांचा आवाज आजही झाडीत ऐकू येतो.

समुद्रापासून इतक्या दूर असूनही येथे भरती-ओहोटी जाणवते. पाण्याची पातळी दिवसातून दोनदा सुमारे ३ फुटांनी चढते-उतरते. त्यामुळे उंचवट्यावर ओक आणि ट्युलिप पॉप्लर, तर सखल भागात दलदल, पाणकणसे आणि सिल्व्हर मॅपल, असे भिन्न अधिवास हाकेच्या अंतरावर आढळतात. मोठे निळसर बगळे, सुतारपक्षी आणि कासवे येथे सहज दिसतात. मात्र हे वन आपोआप टिकणारे नाही. इंग्लिश आयव्हीसारख्या परदेशी वेली झाडांना वेढतात, आणि आशियातून आलेल्या एका हिरव्या भुंग्याने अ‍ॅश वृक्षांची मोठी हानी केली आहे. जे लावले, ते राखण्याचे काम अखंड चालू ठेवावे लागते.

बेटाचे व्यवस्थापन नॅशनल पार्क सर्व्हिसकडे असून प्रवेश विनामूल्य आहे. बेट वॉशिंग्टनच्या हद्दीत असले, तरी पायी जाण्याची वाट व्हर्जिनियाच्या बाजूने, पादचारी पुलावरून आहे. मोटारीने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की वाहनतळाचा प्रवेश जॉर्ज वॉशिंग्टन पार्कवेच्या केवळ उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गिकेवरून आहे. रॉसलिन मेट्रो स्थानकावरून चालतही येता येते. बेटावर सायकल चालवण्यास मनाई आहे. कुत्र्याला पट्टा बांधून नेता येते. दलदलीतील सुमारे दीड मैलाची वाट काही अंतर लाकडी फळ्यांवरून जाते. मुलांना घेऊन गेल्यास पुतळ्यापाशी रूझवेल्ट यांच्याबरोबरच १८६३ च्या त्या सैनिकांविषयीही अवश्य सांगावे.